होमी भाभा आणि अणुइंधनाची वही

फोन हरवला तर नकाशावर शोधता येतो. रिअ‍ॅक्टरमधल्या युरेनियमला मात्र जीपीएस बसवता येत नाही. तिथे चालतो तो जुना हिशेब: किती आलं, किती वापरलं, किती उरलं. ही वही तपासायची कोणी, यावरून जगातल्या बड्या देशांशी वाद घातला तो आपल्या मुंबईच्या डॉ. होमी भाभांनी.

जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा. केंब्रिजला गेले इंजिनिअर व्हायला, रमले फिजिक्समध्ये. १९३९ साली सुट्टीला घरी आले, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टीआयएफआर उभी केली, १९५४ मध्ये ट्रॉम्बेची अणुसंस्था. (चित्रंही सुंदर काढायचे, पण तो वेगळा विषय.)

४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत ‘अप्सरा’ सुरू झाली. समृद्ध युरेनियमचं इंधन ब्रिटनकडून आलं होतं. असे रिसर्च रिअ‍ॅक्टर वीज बनवत नाहीत, ते असतात प्रयोगांसाठी. पण त्यांतलं इंधन किंवा त्यातून तयार होणारं प्लुटोनियम बॉम्बसाठी वापरता येऊ शकतं. अडचण तीच.

इंधनाचे गज असतात तोवर काम सोपं: प्रत्येकाला नंबर, मोजा आणि टिक करा. प्लुटोनियम काढायला तेच गज अ‍ॅसिडमध्ये विरघळवले की मोजायला गजच उरत नाहीत. मग टाकीतल्या द्रावाचं माप घ्यायचं, नमुना तपासायचा, आकडे जुळवायचे. थोडा फरक राहतोच, आणि तो मोजण्यातली चूक आहे की चोरी, हे ओळखणं सगळ्यात अवघड. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ८ किलो प्लुटोनियम म्हणजे एका बॉम्बची शक्यता धरते. एवढंसंच!

ही संस्था कशी असावी हे १९५६ मध्ये न्यूयॉर्कला ठरत होतं. भाभांचा आक्षेप असा की, ज्यांना मदत हवी त्यांच्याच वह्या तपासल्या जाणार आणि बॉम्बवाले देश मोकळे राहणार. साध्या युरेनियमवरही कडक पहारा त्यांना नको होता. मला विचाराल तर मुद्दा न्याय्य होता. पण चोख हिशेब ठेवणं वेगळं आणि तो बाहेरच्याला दाखवणं वेगळं, आणि ही दुसरी बाजू त्यांनी मोकळी ठेवली.

त्याच वर्षी कॅनडाशी ‘सायरस’चा करार झाला. ४० मेगावॅटचा हा रिअ‍ॅक्टर १९६० मध्ये सुरू झाला, त्यातलं जड पाणी अमेरिकेचं. वापर शांततेसाठीच, असं वचन करारात होतं. पण बाहेरच्या तपासनीसांची फेरी नव्हती, सील नव्हतं. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढण्याचा कारखानाही भाभांच्याच काळात ट्रॉम्बेत उभा राहिला.

२४ जानेवारी १९६६ ला व्हिएन्नाला, याच संस्थेच्या बैठकीला निघालेले भाभा माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात गेले. वय फक्त ५६.

१८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट झाला. प्लुटोनियम सायरसमधलं. भारत म्हणाला, ही शांततेसाठीचीच चाचणी. कॅनडाला ते पटलं नाही, त्यांनी मदत थांबवली. अणुसामग्री विकणाऱ्या देशांनी मग एकत्र येऊन गट केला आणि नुसत्या वचनावर माल देणं बंद होत गेलं.

सायरस ३१ डिसेंबर २०१० ला कायमचा बंद झाला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नव्या ‘अप्सरा-यू’मध्ये कमी समृद्ध युरेनियम वापरतात, ज्याचा थेट बॉम्ब होत नाही.