रुपयाचे विश्वस्त : कै. चिंतामणराव देशमुख

धन मिळविणाऱ्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. परंतु राष्ट्राचे धन हाती असता त्याचे केवळ विश्वस्त म्हणून राहिलेल्या पुरुषांची चरित्रे विरळा. आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभु ज्ञातीत असा एक पुरुष जन्मास आला, ही आपणां सर्वांस भूषणावह गोष्ट होय. त्यांच्या विद्वत्तेचे पोवाडे आपण नेहमी ऐकतो. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनातील एका काहीशा उपेक्षित अंगाचा, म्हणजे रुपयाच्या विनिमयदराशी त्यांचा जो संबंध आला त्याचा, विशेष परामर्श घ्यावयाचा आहे.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाच्या परिसरातील नाते या गावी झाला. बालपण रोह्यास गेले. १९१२ साली मुंबई विश्वविद्यालयाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिज येथे त्यांनी निसर्गशास्त्राचे अध्ययन केले आणि १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेतही पहिला क्रमांक पटकाविला. मध्यप्रांत व वऱ्हाडात दीर्घकाळ सेवा केल्यावर १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेशी संलग्न झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

त्या काळी रुपयाची किंमत एक शिलिंग सहा पेन्स अशी ठरलेली होती. पौंडाचे पेन्स २४०. त्यास अठरांनी भागले असता एका पौंडास तेरा रुपये पाच आणे चार पै पडत. हा दर १९२७ साली कायद्याने ठरला. तो चढा आहे, त्यामुळे आपल्या शेतकऱ्याच्या मालास कमी रुपये मिळतात, असा देशी व्यापाऱ्यांचा जुना आक्षेप होता. महायुद्धात इंग्लंडने हिंदुस्थानातून अपार माल उचलला आणि त्याचे मोल पौंडांच्या रूपाने लंडनमध्ये जमा ठेवले. १९४७ च्या जुलैत ही जमा सुमारे ११६ कोटी पौंड होती. धनको दरिद्री आणि ऋणको साम्राज्याचा स्वामी, असा हा विलक्षण व्यवहार होता. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या परिषदेस चिंतामणराव हिंदी शिष्टमंडळाचे एक सभासद म्हणून गेले. ही थकबाकी तेथे सोडवून घेण्याचा शिष्टमंडळाचा प्रयत्न सफल झाला नाही. परंतु नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत हिंदुस्थानास ४० कोटी डॉलरांचा मोठा वाटा मिळाला.

फाळणीनंतर एक नाजूक प्रसंग उद्भवला. देश दोन झाले, पण बँक एकच राहिली. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकच पाकिस्तानच्या चलनाचाही कारभार पाहत होती. एका देशाचा अधिकारी असून दुसऱ्याच्याही नाण्याचा रक्षक होणे किती कठीण, हे सांगावयास नको. पुढे पाकिस्तानने स्वतःची बँक स्थापिली. तथापि दोन्ही रुपयांची किंमत समान राहिली.

ही समानता सव्वा वर्षच टिकली. चिंतामणराव ३० जून १९४९ रोजी गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडने पौंडाचे अवमूल्यन केले. भारताने रुपयाची पौंडाशी असलेली गाठ सोडली नाही. त्यामुळे पूर्वी जो डॉलर सुमारे तीन रुपये पाच आण्यांस मिळे, त्यास चार रुपये बारा आणे पडू लागले. पाकिस्तानने मात्र आपला रुपया उतरविला नाही. त्रैराशिक मांडले असता शंभर पाकिस्तानी रुपयांस आमचे एकशे चव्वेचाळीस रुपये द्यावे लागणार, असे दिसले. भारताने हा दर मान्य केला नाही आणि व्यापार ठप्प झाला. तागाच्या गिरण्या हुगळीच्या काठी, तर उत्तम ताग पूर्व बंगालच्या शेतांत. इकडे गिरण्यांस कच्चा माल मिळेना, तिकडे शेतकऱ्याच्या तागास गिऱ्हाईक उरले नाही, आणि भारतीय कोळसाही पाकिस्तानास जाईना. दोन सरकारांच्या आग्रहात मजूर आणि कुळवाडी भरडले गेले.

१ जून १९५० रोजी चिंतामणराव अर्थमंत्री झाले, तेव्हा हा पेच त्यांच्या समोर होता. आमचा रुपया शेजाऱ्याच्या रुपयाहून हलका, असे मान्य करणे लोकांस रुचण्यासारखे नव्हते. तथापि गिरणी अभिमानावर चालत नाही. तिला ताग लागतो. फेब्रुवारी १९५१ मध्ये कराची येथे झालेल्या व्यापारी करारात भारताने पाकिस्तानी रुपयाचा दर मान्य केला. अर्थमंत्री या नात्याने त्या कटू निर्णयाचा भार चिंतामणरावांस उचलावा लागला. पुढे पाकिस्तानासही आपला चढा दर पेलवला नाही. १९५५ च्या जुलैअखेर त्याने अवमूल्यन जाहीर केले आणि दोन्ही रुपये पुन्हा एका पातळीवर आले. तोपर्यंत चिंतामणराव त्याच पदावर होते.

जो पुरुष राष्ट्रहितासाठी दरावर माघार घेऊ शकला, तो तत्त्वावर मात्र तसूभर हटला नाही. १९५२ साली ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले होते. मुंबई महाराष्ट्रापासून अलग ठेवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा त्याग केला. पुढे विश्वविद्यालय अनुदान मंडळाचे अध्यक्षपद व दिल्ली विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणाऱ्या या रसिकाचे २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे देहावसान झाले.

ज्ञातिबांधवहो, नाण्याचा दर काळानुसार चढतो, उतरतो. तो कोठे सोडावा आणि माणसाने आपला शब्द कोठे सोडू नये, हा विवेक चिंतामणरावांच्या ठायी होता. आपल्या तरुणांनी त्यांच्या परीक्षांतील क्रमांकांचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु अनुकरण करावयाचे ते या विवेकाचे. तसे घडेल तरच त्यांना आपले म्हणण्याचा अधिकार आपणांस राहील.