ग्रंथपालांना घडवणारा राजा

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेल्या गोपाळराव काशीराव गायकवाड यांना वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळखही नव्हती. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि शेतात वाढलेला हा मुलगा सयाजीराव या नावाने बडोद्याच्या गादीवर आला. त्यानंतर त्यांचे शिक्षण सुरू झाले. एफ. ए. एच. इलियट यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. १८८१ मध्ये राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे हाती आली तरी वाचन, प्रवास आणि नव्याचा शोध थांबला नाही. उशिरा शिकलेल्या माणसाला शिक्षणाची किंमत अधिक कळते, याचा प्रत्यय महाराजांच्या पुढील आयुष्यात येतो.

१८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रायोगिक स्वरूपात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलींनाही ते लागू होते. मात्र शाळा सोडल्यावर वाचायला काही मिळाले नाही, तर शिकलेले अक्षर काही वर्षांत विसरले जाते, हे त्यांनी ओळखले होते. १९०६ च्या अमेरिका दौऱ्यात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून त्यांना या प्रश्नाचे उत्तर सापडले. १९१० मध्ये न्यू हेवन येथील विल्यम अॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला त्यांनी बडोद्यास पाचारण केले. राजवाड्यातील सुमारे २० हजार ग्रंथ लोकांसाठी खुले केले आणि मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला.

इमारत आणि पुस्तके यांवरच महाराज समाधानी झाले असते, तर हा उपक्रम बॉर्डन परतताच मावळला असता. पण १९११ मध्येच बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. ग्रंथालयशास्त्राचे भारतातील हे पहिले पद्धतशीर शिक्षण होय. वर्गीकरण आणि कार्डांवरील तालिका ही तेव्हाची नवी तंत्रे होती. त्याआधीचा ग्रंथपाल कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा कारकून मानला जाई. आता वाचकाला हवे ते पुस्तक शोधून देणे हे त्याचे काम ठरले. पुढे गावोगावच्या ग्रंथपालांनाही या प्रशिक्षणाचा लाभ मिळाला. एकदा शिकून नोकरीला लागलेल्यांचे ज्ञान ताजे राहावे म्हणून १९१२ पासून एक नियतकालिकही निघू लागले. त्यात इंग्रजीबरोबर मराठी आणि गुजराती मजकूर असे.

नव्या साधनांचे महाराजांना वावडे नव्हते. ग्रंथालय खात्याच्याच अखत्यारीत मॅजिक लँटर्न आणि चलच्चित्रे यांचा विभाग सुरू झाला. निरक्षरांनाही ज्ञान मिळावे, हा त्यामागील हेतू. दूरच्या खेड्यांत लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात. गावकऱ्यांनी वर्गणीचा एक वाटा उचलला की स्थानिक पंचायत आणि सरकार यांनी तितकाच वाटा द्यावा, अशी योजना होती. त्यामुळे ग्रंथालय सरकारी न राहता गावाचे झाले. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्याने या कामाला आयुष्य वाहिले.

१९१३ मध्ये बॉर्डन मायदेशी परतले. खरी कसोटी तेव्हा लागली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी सूत्रे स्वीकारली आणि काम अडले नाही. परदेशी तज्ज्ञ काही वर्षांसाठी आणावा, पण माणसे इथलीच तयार करावीत, हे महाराजांचे धोरण होते. त्याच वर्षी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देताना त्यांची हीच दृष्टी दिसते. १९३१ मध्ये पोलादी मांडण्या आणि काचेच्या जमिनी असलेली मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी वास्तू उभी राहिली. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराजांचे मुंबईत निधन झाले.

महाराष्ट्रात १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि अनुदानाची व्यवस्था आली. आज कार्डांच्या कपाटांची जागा संगणकाने घेतली आहे; कोहा, ई-ग्रंथालय यांसारख्या प्रणाली, बारकोड आणि अंकीय संग्रह ही नवी तंत्रे झाली आहेत. गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा यांसारख्या तलाव आणि जंगलाच्या कुशीतल्या गावापर्यंत मोबाइलवरून ग्रंथ पोचणे आता अशक्य राहिलेले नाही. मात्र कोणता ग्रंथ कोठे आहे, कोणती माहिती विश्वासार्ह आहे, हे वाचकाला सांगणारा माणूस हवाच. तंत्र दर काही वर्षांनी बदलते आणि पदविका मात्र एकदाच मिळते. या दोहोंतील अंतर भरून काढण्याची जबाबदारी एकट्या ग्रंथपालावर टाकून चालणार नाही. शिकलेले अक्षर वापराविना पुसले जाते, हे सयाजीरावांनी गावकऱ्यांबाबत ओळखले होते. ग्रंथपालाच्या विद्येलाही तोच नियम लागू पडतो.