अठरा क्रमांकाच्या शाळेचे कोल्मोगोरोव

संभाव्यताशास्त्राला १९३३ साली काटेकोर पाया घालून देणारे गणितज्ञ म्हणून आंद्रेइ निकोलायेविच कोल्मोगोरोव यांचे नाव जगभर घेतले जाते. जुन्या सोव्हिएत संघातील लहान गावांतून मॉस्कोला आलेल्या अनेक मुलांसाठी मात्र ते आधी शाळामास्तर होते. वयाच्या साठाव्या वर्षी, सारे मानमरातब पदरी असताना, या माणसाने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपुढे खडू हाती घेतला. त्याची मुळे त्यांच्या बालपणात सापडतात.

२५ एप्रिल १९०३ रोजी तांबोव येथे त्यांचा जन्म झाला आणि बाळंतपणातच आई गेली. मावशी वेरा याकोव्लेव्हना यांनी यारोस्लाव्लजवळच्या तुनोशना गावी, आजोळच्या वाड्यात त्यांचा सांभाळ केला. मावश्यांनी घरातच आसपासच्या मुलांसाठी छोटी शाळा काढली होती. मुलांचे लेखन असलेले एक घरगुती मासिकही तिथे निघे व त्यातील गणिताचा विभाग लहानग्या आंद्रेइकडे असे. एकात तीन मिळवले की दोनाचा वर्ग, त्यात पाच मिळवले की तिनाचा वर्ग, ही विषम संख्यांची गंमत त्याला पाच-सहा वर्षांचा असतानाच स्वतःहून उमगली होती.

१९२० साली ते मॉस्को विद्यापीठात दाखल झाले तेव्हा रशिया उपासमारीने ग्रासलेला होता. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरमहा १६ किलो पाव आणि १ किलो लोणी मिळे. कोल्मोगोरोव यांनी पहिल्या वर्षाच्या परीक्षा अवघ्या काही महिन्यांत उरकल्या, त्यामागे ज्ञानलालसेइतकाच पावाचा विचार असावा! १९२२ साली, एकोणिसाव्या वर्षी, जवळजवळ सर्वत्र अपसारी ठरणारी फूरिए श्रेणी रचून त्यांनी तज्ज्ञांना चकित केले. त्याच वर्षी त्यांनी पोतिलिखा येथील प्रायोगिक शाळेत नोकरी धरली आणि १९२५ पर्यंत तिथे गणित व भौतिकशास्त्र शिकवले. १९३५ साली मॉस्कोत शालेय मुलांसाठी पहिली गणित ऑलिम्पियाड भरली, तिच्या आयोजकांतही ते होते.

हुशार मुलांना वेगळे काढून शिकवावे काय, हा प्रश्न प्रत्येक देशाने आपापल्या परीने सोडवला. हंगेरीने १८९४ पासून शालेय स्पर्धा आणि गणिताचे मासिक यांच्या आधारे मुले शोधली, पण त्यांना त्यांच्याच शाळेत राहू दिले. जॉन फॉन नॉयमन यांना बुडापेस्टमध्ये विद्यापीठातील शिक्षक जादा शिकवत, तरी वर्ग सुटला नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९७१ साली सुरू झालेल्या उपक्रमाचा भर वेगावर होता. बारा-तेरा वर्षांच्या मुलांची कॉलेज प्रवेशाची परीक्षा घेऊन त्यांना पुढच्या अभ्यासाची दारे लवकर उघडली जात. समतेचा उद्घोष करणाऱ्या सोव्हिएत संघात तर हा प्रश्न अधिकच अडचणीचा होता. सर्व मुलांना एकच शाळा हे तिथले तत्त्व. तरीही नोव्हेंबर १९५८ मध्ये झेल्दोविच आणि साखारोव या भौतिकशास्त्रज्ञांनी ‘प्रावदा’त लेख लिहून विज्ञान-गणिताच्या खास शाळांची मागणी केली.

कोल्मोगोरोव यांची भूमिका याहून थोडी वेगळी होती. शालेय गणित समजण्यास सामान्य बुद्धी आणि चांगला शिक्षक पुरेसा आहे, असे ते मानत. खरी गणिती ओढ चौदा ते सोळा या वयात स्थिरावते, त्याआधी मुलांना निवडून बाजूला काढण्याची घाई नको, असे त्यांचे मत होते. मॉस्कोतील मुलांना विद्यापीठाची मंडळे व उत्तम शाळा हाताशी होत्या. जिल्ह्याच्या गावातील मुलाने कुठे जावे? नोव्होसिबिर्स्कपाठोपाठ २ डिसेंबर १९६३ रोजी मॉस्कोत अठरा क्रमांकाची निवासी शाळा सुरू झाली, ती मुख्यतः अशा बाहेरगावच्या मुलांसाठी. भौतिकशास्त्रज्ञ इसाक किकोइन यांच्या साथीने कोल्मोगोरोव यांनी ती उभारली आणि पुढे कित्येक वर्षे स्वतः तिथे शिकवले. व्याख्यानांच्या टिपणांबरोबरच संगीताच्या संध्याकाळी, चित्रकला व कविता यांवरील गप्पा, रानातल्या लांब भटकंत्या आणि बर्फावरील स्कीइंग हेही त्या शिक्षणाचे अंग होते. केवळ उदाहरणे सोडवणारी मुले त्यांना घडवायची नव्हती.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. १९६२ साली ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले होते. श्रीनिवास वरधन यांच्या प्रबंधाचे ते परीक्षक होते. वरधन यांना २००७ साली आबेल पारितोषिक मिळाले.

निवडक मुलांच्या बाबतीत जे साधले, ते सर्व मुलांच्या बाबतीत साधले नाही. १९७० च्या दशकात देशभरातील शाळांचे गणित बदलण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. नव्या पुस्तकांत संचांची भाषा आली, सदिश म्हणजे समांतर स्थानांतरण अशी व्याख्या आली. त्रिकोण ‘समान’ म्हणायचे नाहीत, ‘एकरूप’ म्हणायचे असेही ठरले. आपल्याकडील मुले एकरूप त्रिकोण सहज म्हणतात, तिथे मात्र या एका शब्दावरून पालक आणि शिक्षक हैराण झाले. डिसेंबर १९७८ मध्ये विज्ञान अकादमीच्या गणित विभागाने हा अभ्यासक्रम आणि पुस्तके असमाधानकारक ठरवली. १९८० साली पोंत्र्यागिन या ज्येष्ठ गणितज्ञांनी पक्षाच्या ‘कम्युनिस्ट’ नियतकालिकातून जाहीर हल्ला चढवला. त्या टीकेत द्वेष होता हे खरे, पण मुद्दा निराधार नव्हता. निवासी शाळेत प्रत्येक कठीण व्याख्येमागे स्वतः कोल्मोगोरोव उभे असत, दूरच्या गावातील शिक्षकाजवळ फक्त पुस्तक होते.

अखेरच्या वर्षांत कंपवाताने त्यांचे शरीर जखडले आणि दृष्टीही गेली. विद्यार्थी आळीपाळीने त्यांच्याजवळ बसत. २० ऑक्टोबर १९८७ रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले. त्यांचे भूमितीचे पुस्तक तोवर शाळांतून मागे घेतले गेले होते. अठरा क्रमांकाची शाळा १९८८ साली मॉस्को विद्यापीठाचे केंद्र बनली आणि पुढे त्याला कोल्मोगोरोव यांचे नाव देण्यात आले.