बेळगावचा पठ्ठ्या १९२० ची ऑलिम्पिक मॅरेथॉन पळाला, त्याचा टायमिंग आजही भल्याभल्यांना घाम फोडतो

हाफ मॅरेथॉन पळणाऱ्या कुणालाही गाठा आणि विचारा, तुझा पीबी किती? पीबी म्हणजे पर्सनल बेस्ट, स्वतःचा आजवरचा सगळ्यात भारी टायमिंग. उत्तर मिनिट-सेकंदासकट येणार. कुणी दोन तासांच्या आत यायला धडपडतंय, कुणी पावणेदोनच्या. फुल मॅरेथॉन पळणाऱ्यांचं स्वप्न त्याहून मोठं, तीन तासांच्या आत येण्याचं. आज त्यासाठी महागडे बूट असतात, हातात घड्याळ असतं, मोबाईलमध्ये ॲप असतं.

यातलं काहीही नव्हतं तेव्हा एक मराठी मुलखातला गडी ऑलिम्पिकची मॅरेथॉन तीन तासांच्या बऱ्याच आत पळून आला होता.

त्यांचं नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले. गाव बेळगाव.

ही गोष्ट सुरू होते पुण्यात. साल १९१९. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. डेक्कन जिमखान्याने खेळांच्या स्पर्धा भरवल्या होत्या आणि जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा, जमशेटजींचे थोरले चिरंजीव. स्पर्धेत उतरलेली बरीचशी पोरं शेतकऱ्यांच्या घरातली. पायात बूट नाहीत, शास्त्रशुद्ध सराव नाही. तरी ती अनवाणी अशी काही पळाली की दोराबजी बघतच राहिले. त्यांनी या पोरांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहिल्या. फरक फार नव्हता.

दोराबजींच्या डोक्यात विचार आला, ही पोरं ऑलिम्पिकला का जाऊ नयेत?

अडचण अशी होती की तेव्हा भारताची ऑलिम्पिक संघटनाच नव्हती. दोराबजींनी मुंबई प्रांताचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याकडे विषय काढला, आणि १९२० च्या सुरुवातीला भारताला ऑलिम्पिकमध्ये उतरण्याची परवानगी मिळाली. मग पुण्यात निवड चाचणी झाली. संघ निघाला फक्त सहा जणांचा. बंगालचे बॅनर्जी कमी अंतराच्या शर्यतींसाठी. बेळगावचे चौगुले, साताऱ्याचे दातार आणि हुबळीचे कैकाडी लांब पल्ल्यासाठी. सोबत शिंदे आणि नवले हे दोन पैलवान.

म्हणजे भारताचा हा पहिला ऑलिम्पिक संघ पुण्याच्या मैदानावर निवडला गेला आणि त्यातली बरीच मंडळी आपल्याच भागातली होती.

जून १९२० मध्ये मुंबईहून बोट सुटली. आधी इंग्लंडला काही आठवडे सराव आणि मग बेल्जियममधलं अँटवर्प. ऑलिम्पिकचा पाच कड्यांचा झेंडा खेळांच्या मैदानावर पहिल्यांदा फडकला तो याच अँटवर्पमध्ये. भारताचे खेळाडू मात्र ब्रिटिश राजवटीच्या झेंड्याखाली उतरले होते. ते सातासमुद्रापार असतानाच १ ऑगस्टला मुंबईत लोकमान्य टिळक गेले, आणि त्याच दिवशी देशात असहकार चळवळ सुरू झाली.

त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, २२ ऑगस्ट १९२० ला, चौगुले मॅरेथॉनच्या रेषेवर उभे राहिले. त्याच आठवड्यात ते १०,००० मीटरची शर्यतही पळले होते. तिथे पुढची फेरी गाठता आली नव्हती. आता समोर जगभरातले जवळपास पन्नास धावपटू होते. हवा गार आणि पावसाळी.

शर्यत जिंकली फिनलंडच्या हान्नेस कोलेमायनेन यांनी, २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंदांत. त्यांच्या मागे एस्टोनियाचे युरी लॉसमन अवघ्या १३ सेकंदांनी पोहोचले. साताऱ्याच्या दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

चौगुले मात्र शेवटपर्यंत पळाले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. क्रमांक एकोणिसावा.

एकोणिसावा म्हटलं की वाटतं, त्यात काय एवढं?

तर इथे थोडं गणित करूया. आज मॅरेथॉन म्हटलं की ४२.१९५ किलोमीटर हे अंतर ठरलेलं. पण ते कायमचं पक्कं झालं १९२१ मध्ये, म्हणजे अँटवर्पनंतर. त्याआधी ऑलिम्पिकगणिक अंतर कमी-जास्त व्हायचं. अँटवर्पचा रस्ता होता ४२.७५ किलोमीटरचा, आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त.

चौगुलेंची वेळ या अंतराने भागली तर एक किलोमीटर पडतो चार मिनिटांच्याही किंचित आत. याच गतीने आजचं अंतर धरलं तर वेळ येते साधारण २ तास ४८ मिनिटं ३० सेकंद. आणि हाफ मॅरेथॉनचं म्हणाल तर सुमारे १ तास २४ मिनिटं. तेवढ्या वेळात एक हाफ संपवायची, न थांबता त्याच गतीने दुसरी हाफ पळायची आणि वर आणखी अर्धा किलोमीटर.

धर्माबाद, नांदेड, लातूरकडे पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सोळाशे मीटर मारताना दिसतात. त्यांच्या भाषेत सांगायचं तर चौगुलेंनी सोळाशे मीटर साधारण ६ मिनिटं २३ सेकंदांत मारले. एकदा नाही, सलग जवळपास पावणेसत्तावीस वेळा.

म्हणूनच टायमिंग सांगताना अंतरही सांगावं लागतं. नुसता आकडा पाहिला तर चौगुलेंची कामगिरी आहे त्यापेक्षा कमी वाटते.

या निकालात आणखी एक नाव आहे, जपानचे शिझो कानाकुरी. ते सोळावे आले, २ तास ४८ मिनिटं ४५ सेकंदांत. म्हणजे चौगुलेंच्या फक्त दोन मिनिटं पुढे. हे तेच कानाकुरी, जे १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये उन्हाने कोसळले, कुणाला न सांगता घरी परतले आणि १९६७ मध्ये पुन्हा तिथे जाऊन ती राहिलेली शर्यत पूर्ण करून आले.

आज जपानमध्ये कानाकुरींना मॅरेथॉनचे जनक मानतात. त्यांच्या पुढाकाराने १९२० मध्येच सुरू झालेली हाकोने एकिडेन ही विद्यापीठांची रिले शर्यत आजही भरते, आणि नव्या वर्षाच्या सुट्टीत सगळा जपान ती टीव्हीवर बघतो. त्यातल्या सर्वोत्तम धावपटूला कानाकुरींच्या नावाचा करंडक दिला जातो.

रस्त्यावर दोघांत अंतर होतं दोन मिनिटांचं. पुढे ते वाढत गेलं, कारण जपानने कानाकुरींच्या मागे शर्यती उभ्या केल्या, शाळा-कॉलेजची पोरं उभी केली. आपल्याकडे १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली, दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले, १९२८ ला हॉकीचं सुवर्णपदक आलं आणि देश हॉकीवर फिदा झाला. मॅरेथॉन मागे पडली.

ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये भारतीयाला चौगुलेंच्या वरचा क्रमांक मिळायला १९७६ साल उजाडावं लागलं. तेव्हा माँट्रियलला शिवनाथ सिंग अकरावे आले. त्यांनीच १९७८ मध्ये जालंधरला नोंदवलेली २ तास १२ मिनिटांची वेळ चाळीसहून जास्त वर्षं राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली.

ऑलिम्पिकच्या नोंदवहीत चौगुलेंच्या नावापुढे मॅरेथॉनची एकच वेळ आहे. ती सुधारायला दुसरं ऑलिम्पिक त्यांच्या वाट्याला आलं नाही. पण मॅरेथॉनमध्ये तीन तासांच्या आत यायचं असेल तर किलोमीटरमागे साधारण ४ मिनिटं १५ सेकंदांची गती लागते, आणि १०० वर्षांपूर्वी बेळगावच्या या माणसाने प्रत्येक किलोमीटरला त्यातले पंधरा सेकंद वाचवले होते.