धन्य रुडॉल्फ अक्वाविवा

१५७९ साली अकबर बादशहाचा वकील गोव्यात आला. बादशहाला धर्मग्रंथांसह विद्वान धर्मगुरू हवे होते. येशूसंघाचे तरुण फादर रुडॉल्फ सोबत्यांसह फत्तेपूर सिक्रीला गेले. बादशहाने बायबल मस्तकी धरले. उलेमांपुढे फादर मोकळेपणाने वाद घालत. बादशहाच्या अभयामुळे त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. बाप्तिस्मा मात्र बादशहाने घेतला नाही. १५८३ मध्ये फादर निराश होऊन परतले. त्याच वर्षी २५ जुलैला सासष्टीतील कुंकळ्ळी येथे त्यांची हत्या झाली. त्याआधी पोर्तुगीजांनी तिथली देवळे पाडली होती, हे आम्ही लपवू नये. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून दग्याने मारले गेले. १८९३ साली फादर धन्य घोषित झाले. त्यांच्या मध्यस्थीने प्रार्थना करताना आम्ही असोळण्याच्या मृतांचीही आठवण करतो.