वाटाण्यांचा हिशेब

आम्ही वाटाणे सोलतो, मोजत मात्र नाही. फादर ग्रेगोर मेंडल यांनी मोजले. १८२२ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले मेंडल ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाले. १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. शिक्षकाची परीक्षा दोनदा देऊनही जमली नाही. (मुलांच्या निकालावरून आम्ही किती घर डोक्यावर घेतो!)

१८५६ पासून मठाच्या बागेत त्यांनी गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तीनास एक. सुरकुती गेलीच नव्हती, दडून बसली होती.

१८६५ मध्ये त्यांनी हे सभेत वाचले. महत्त्व कोणाला उमगले नाही. मठाधिपती झाल्यावर सरकारशी कराच्या वादात वर्षे गेली. १८८४ मध्ये ते वारले. १९०० साली तिघा शास्त्रज्ञांना तेच प्रमाण पुन्हा सापडले.