रिट्झ यांची उरलेली दोन वर्षे

क्षयाचे निदान सांगितले की माळशिरसच्या आमच्या ओपीडीत बहुतेकांचा पहिला प्रश्न कामाचा असतो. खोकला, वजन, गोळ्यांचा त्रास हे सगळे नंतर. हंगामाचे दिवस असतील तर ऊसतोडीचा कोयता किती दिवस खाली ठेवायचा, एवढेच त्यांना हवे असते. अशा वेळी मला हटकून वाल्टर रिट्झ आठवतात. इंजिनिअरिंग किंवा भौतिकशास्त्र शिकलेल्यांनी रेले-रिट्झ पद्धत परीक्षेपुरती तरी घोटलेली असते. त्यातले रिट्झ वयाच्या 31 व्या वर्षी क्षयाने गेले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1878 चा, स्वित्झर्लंडमधल्या सियों या डोंगरांनी वेढलेल्या गावातला. वडील राफाएल रिट्झ नावाजलेले चित्रकार. मुलगा चार वर्षांचा झाला तेव्हा, मार्च 1882 मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला. शत्रू सापडला, पण त्याला मारणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला 1940 चे दशक उजाडावे लागले. रिट्झ यांचे सारे आयुष्य या दोन टोकांच्या मध्ये गेले.

1897 मध्ये मों प्लरर या शिखरावर त्यांचे काही मित्र ताज्या बर्फावरून घसरून दरीत पडले आणि मेले. रिट्झ मदतकार्यात धावले, थंडीत दमले, आणि तिथूनच त्यांची छाती बिघडली, असे चरित्रकार सांगतात. आमच्याकडेही पावसात भिजल्याने टीबी झाला असे सांगणारे रोज भेटतात. थंडीने किंवा श्रमाने क्षय होत नाही, जंतूने होतो. शरीर थकले की आत दबून बसलेल्या जंतूला वाट मिळते, इतकेच फार तर म्हणता येईल.

त्याच वर्षी ते झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेले, इंजिनिअर व्हायला. पण लवकरच गणित-भौतिकशास्त्राकडे वळले. तिथे आइन्स्टाइन त्यांच्या एक वर्ष पुढे होते. झुरिकची दमट हवा मानवेना म्हणून 1901 मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मग आजाराने उचल खाल्ली. 1904 पासूनची जवळपास तीन वर्षे सॅनेटोरियम, समुद्राची हवा आणि घरची विश्रांती यांतच गेली. मोकळी हवा, दूध, अंडी आणि पडून राहणे, हाच तेव्हाचा उपचार. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे सॅनेटोरियम आठवत असेल. तशीच काहीशी ती दिनचर्या.

1907 मध्ये रिट्झ यांनी अंथरूण सोडले. आपल्या हाती फार दिवस नाहीत हे त्यांनी ओळखले होते आणि उरलेले दिवस छताकडे बघत काढायचे नव्हते. त्यांचा डॉक्टर म्हणून मी रागावलो असतो. खोकणाऱ्या रुग्णाने बंद खोलीत चर्चा करत बसावे, हे इतरांसाठीही धोक्याचे. पण 1959 मध्ये मद्रासच्या प्रसिद्ध चाचणीने दाखवून दिले की औषधे नियमित घेतली तर घरी राहून होणारा उपचार सॅनेटोरियमइतकाच गुण देतो. बरे करते ते औषध, पलंग नव्हे. रिट्झ यांच्याकडे औषधच नव्हते. पडून राहिले असते तरी वाचलेच असते, असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पुढच्या दोन वर्षांत त्यांनी जे लिहिले त्यावरच त्यांचे नाव उभे आहे. पातळ पत्र्यावर वाळू पसरून तो कंपित केला की वाळूची सुंदर नक्षी उमटते. ती गणिताने कशी काढायची? समीकरण होते, पण त्याचे अचूक उत्तर सापडत नव्हते. रिट्झ यांनी वेगळी वाट धरली. सोप्या, माहितीतल्या आकारांचे मिश्रण करून उत्तराचा एक अंदाज बांधायचा, त्याची ऊर्जा मोजायची आणि ती कमीत कमी होईपर्यंत मिश्रणाचे प्रमाण बदलत राहायचे.

गढूळ पाझर तलावाची सर्वात खोल जागा शोधायची आहे असे समजा. तळ दिसत नाही. दोरीला दगड बांधून ताणून सोडला, तर कुठेही सोडा, मिळालेली खोली त्या सर्वात खोल जागेपेक्षा कधीच जास्त येणार नाही. म्हणून मोजलेल्यांपैकी सर्वात मोठा आकडा खऱ्याच्या सर्वात जवळचा. अंदाज चुकला तरी तो कुठल्या बाजूला चुकला हे कळते. आम्हा डॉक्टरांना असे भाग्य क्वचितच लाभते.

अशाच एका प्रश्नावर पॅरिसच्या अकादमीने ठेवलेल्या स्पर्धेत त्यांनी निबंध पाठवला होता. पारितोषिक दुसऱ्यांना गेले. 1909 मध्ये झुरिक विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्राची जागा निघाली. निवड समितीची पहिली पसंती रिट्झ यांना होती, पण ते काम करण्याच्या अवस्थेत नव्हते. जागा आइन्स्टाइन यांना मिळाली. त्याच वसंतात दोघांनी मिळून एक छोटा लेख छापला होता, तोही आपले कुठे पटत नाही हे सांगणारा. प्रकाशाच्या वेगाबाबत रिट्झ चुकले होते, हेही नोंदवले पाहिजे. 7 जुलै 1909 रोजी गॉटिंगेनमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

क्वांटम मेकॅनिक्स जन्मले 1925-26 मध्ये. हायड्रोजनचे गणित सुटले, पण दोन इलेक्ट्रॉनचा हेलियम अडला, कारण इलेक्ट्रॉन एकमेकांनाही ढकलतात. तेव्हा रिट्झ यांची पद्धत कामी आली. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन सुटे करायला 79.0 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, ही मोजलेली खोली. प्रत्येक इलेक्ट्रॉनला केंद्राचा पूर्ण भार, म्हणजे 2, जाणवतो असे धरले तर दोरी 74.8 वर थांबते. एक इलेक्ट्रॉन दुसऱ्यापुढे थोडी आड धरतो, म्हणून भार 1.69 मानला की 77.5. नॉर्वेचे हिलेरास यांनी दोन इलेक्ट्रॉनमधले अंतरही अंदाजात घेतले आणि 1929 मध्ये गणित मोजमापाला जाऊन भिडले. तेव्हा रिट्झ असते तर 51 वर्षांचे असते. माझ्याहून लहानच.